कसबा पेठ: नाव कुणाचं, हद्द कुणाची?

फेब्रुवारी २०२३ मधली गोष्ट. कसबा पेठ विधानसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक लागली होती आणि मी गंज पेठेत, आमच्याच गल्लीत, मतदार चिठ्ठ्या वाटत होतो. पहिल्यांदाच मत देणार असलेल्या एका मुलानं चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "चाचा, यावर कसबा पेठ लिहिलंय. आपण तर गंज पेठेत राहतो. चुकून आली का?"

चूक नाही, मतदारसंघाचं नावच तसं आहे, असं मी सांगितलं. तर त्याचा पुढचा प्रश्न तयार. "माझी खाला भवानी पेठेत राहते. चालत दहा मिनिटं. तिच्याकडे चिठ्ठी का नाही आली?"

"ती पुणे कॅन्टोन्मेंट मतदारसंघात येते."

"का?"

या 'का'चं उत्तर मला त्या दिवशी नीट देता आलं नाही. पंधरा वर्षं निवडणुकीत काम करणाऱ्या माणसाला आपल्याच मतदारसंघाची हद्द कुणी, कधी आणि कशी ठरवली हे सांगता येऊ नये, याची लाज वाटली. ते राहून गेलेलं उत्तर आज लिहितो आहे. आज लिहायला कारणही आहे. येत्या काही वर्षांत ही हद्द पुन्हा आखली जाणार आहे, आणि गेल्या वेळी ती आखली जात असताना आपल्या मोहल्ल्यात कुणाला पत्ताही नव्हता.

नावाची गोष्ट

आधी नाव बघू. 'कसबा' हा शब्द अरबी. गढीची वस्ती, मुख्य गाव, असा त्याचा अर्थ. फारसीतल्या कारभाराबरोबर तो दख्खनेत आला आणि इथल्या दप्तरांत रुजला. साधं गाव ते 'मौजे' आणि परगण्याचं ठाणं, जिथे बाजार भरतो, वसूल जमा होतो, ते गाव 'कसबा'. जुन्या कागदांत 'कसबे पुणे' असा उल्लेख येतो तो त्यामुळेच. कोल्हापूरचा कसबा बावडा, रत्नागिरी जिल्ह्यातला कसबा संगमेश्वर, ही त्याच शब्दाची गावं. आणखी गंमत म्हणजे कोलकात्यात आणि बिहारमधल्या पूर्णिया जिल्ह्यातही 'कसबा' नावाचे विधानसभा मतदारसंघ आहेत.

पुण्याचा कसबा म्हणजे शहराची सगळ्यात जुनी वस्ती. इथे कसबा गणपती आहे, लाल महाल आहे, थोरला आणि धाकटा शेखसल्ला हे दोन दर्गे आहेत. तांबट आळीत आजही तांब्यावर हातोडी पडते. कुंभारवाडा आहे. आणि कागदीपुरा आहे, जिथे एके काळी हातकागद बनत असे. तो बनवणारे कागदी हे मुसलमान कारागीर होते.

कसब्याच्या आसपास बाकीच्या पेठा नंतर उठल्या आणि त्यांची नावंही बदलत गेली. आज आपण ज्याला बुधवार पेठ म्हणतो ती १७०३ मध्ये औरंगजेबानं वसवली तेव्हा तिचं नाव मुहियाबाद होतं. शनिवार पेठेचं जुनं नाव मुर्तजाबाद, सोमवार पेठेचं शहापूर, शुक्रवार पेठेचं विसापूर. पुढे वारांची नावं रूढ झाली. सदाशिव आणि नारायण पेठेला पेशवे घराण्यातल्या माणसांची नावं मिळाली, नाना पेठेला नाना फडणवीसांचं, रास्ता पेठेला रास्ते घराण्याचं. आमची गंज पेठ ही फारसी 'गंज'वरून, म्हणजे धान्याची वखार, घाऊक बाजार. जोतीराव आणि सावित्रीबाई याच पेठेतले, म्हणून ती आज महात्मा फुले पेठ आहे. रिक्षावाल्याला मात्र 'गंज पेठ' सांगितलं तरच कळतं.

आणि ज्या शब्दाभोवती हे सगळं राजकारण चालतं तो 'मतदार' शब्द घ्या. 'मत' संस्कृत आणि 'दार' फारसी. जमीनदार, दुकानदार, तसाच मतदार. तालुका, जिल्हा, तहसील हे अरबीतून आलेले. खुद्द 'हद्द' अरबी. हे मी अभिमानानं छाती फुगवायला सांगत नाही. सांगायचं इतकंच की या शहराची भाषा आणि नावं सगळ्यांनी मिळून घडवलेली आहेत. त्यातून आपल्याला वेगळं काढायला कुणी बसलं, तर त्याला अर्धं वाक्यही धड बोलता येणार नाही.

नावांवरून भांडणं होतात, दर्ग्यांवरून होतात, हे मला ठाऊक आहे. कसब्यात तर ती दारात येऊन उभी राहतात. पण आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावाच्या बातमीला जेवढा वेळ जातो, त्याचा दहावा हिस्साही आपण हद्दीला देत नाही. औरंगाबादचं उदाहरण बघा. २०२३ मध्ये शहर आणि जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाले. केवढी चर्चा, किती मोर्चे, बाजूनं आणि विरोधात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मात्र मतदारसंघ औरंगाबाद मध्य, औरंगाबाद पश्चिम आणि औरंगाबाद पूर्व याच नावांनी लढले गेले. कारण मतदारसंघाचं नाव २००८ च्या परिसीमन आदेशात लिहिलेलं असतं. शहराचं नाव बदललं म्हणून ते आपोआप बदलत नाही. त्याच आदेशात नावाच्या खाली हद्द लिहिलेली असते, आणि तुमचा आमदार कोण होणार हे ठरण्यात मोठा वाटा त्या हद्दीचा असतो.

हद्द कशी आखली जाते

राज्यघटनेच्या १७० व्या कलमात तत्त्व सोपं आहे: राज्यातल्या प्रत्येक विधानसभा मतदारसंघाची लोकसंख्या, शक्य असेल तितकी, सारखी असावी. माझ्या मताचं वजन तुझ्या मताइतकंच, हा त्याचा अर्थ. म्हणून दर जनगणनेनंतर हद्दी पुन्हा आखायच्या, असं मूळ योजनेत होतं. महाराष्ट्रात १९६२ मध्ये २६४ जागा होत्या, १९६७ मध्ये २७० झाल्या आणि १९७८ पासून २८८ आहेत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं जागांची संख्या गोठवली. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीनं ही बंदी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढे ढकलली.

संख्या गोठली तरी आतल्या रेषा एकदा हलवल्या गेल्या. २००२ च्या कायद्यानं सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली परिसीमन आयोग नेमला गेला. त्यानं २००१ ची जनगणना धरून हद्दी आखल्या, २००८ मध्ये त्या लागू झाल्या आणि २००९ ची विधानसभा निवडणूक त्यावर झाली.

पुणे जिल्ह्यात त्या वेळी काय घडलं ते बघा. जागा १८ वरून २१ झाल्या. भवानी पेठ, बोपोडी, हवेली आणि मुळशी हे मतदारसंघ पुसले गेले. कोथरूड, खडकवासला, हडपसर, वडगाव शेरी, पिंपरी, चिंचवड आणि भोसरी हे नवे आले. पर्वती अनुसूचित जातींसाठी राखीव होता, तो खुला झाला आणि पुणे कॅन्टोन्मेंट राखीव झाला. भवानी पेठ नावाचा मतदारसंघच उरला नाही, त्याचे भाग शेजाऱ्यांत वाटले गेले. म्हणून त्या मुलाची खाला भवानी पेठेत राहते पण मत कॅन्टोन्मेंटला देते. आणि आम्ही गंज पेठवाले कसब्याला. दोन्हीकडच्या घरांना ड्रेनेज तुंबल्याचा त्रास एकच, भाड्याच्या खोल्या तशाच, मुलं त्याच शाळांत. फक्त तक्रार घेऊन जायचे दोन वेगळे आमदार.

आता दुसरा आकडा. २६ फेब्रुवारी २०२३ ला जिल्ह्यात दोन पोटनिवडणुका एकाच दिवशी झाल्या, कसबा पेठ आणि चिंचवड. कसब्यात मतदार होते पावणेतीन लाखांच्या आसपास. चिंचवडमध्ये साडेपाच लाखांहून जास्त. दोन्ही ठिकाणी आमदार एकच. म्हणजे आमच्या पेठेतलं एक मत चिंचवडच्या दोन मतांइतकं वजनदार. जुन्या पेठांतली माणसं कोंढव्याला, कोथरूडला, सिंहगड रस्त्याला निघून गेली आणि उपनगरं फुगली. रेषा मात्र २००१ च्या माणसांवर आखलेली.

हे असं कायम राहणार नाही आणि राहूही नये. चिंचवडच्या माणसावर तो अन्याय आहे. पण त्याचा अर्थ समजून घ्या. पुढच्या वेळी कसब्याला एक तर बाहेर पसरावं लागेल किंवा दुसऱ्या कशात तरी मिसळावं लागेल. आपली हद्द हलेल हे जवळजवळ नक्की आहे. प्रश्न एवढाच की कुठल्या रस्त्यावरून.

रस्ता महत्त्वाचा का? कारण वस्ती कमजोर करण्याचे दोन जुने मार्ग जगभर ठाऊक आहेत. एक, एका समाजाच्या सगळ्या वस्त्या एकाच मतदारसंघात कोंबायच्या, म्हणजे बाकी ठिकाणी त्यांची गरजच कुणाला उरत नाही. दोन, एक मोठी वस्ती तीन-चार ठिकाणी फोडायची, म्हणजे कुठेच तिची दखल घ्यावी लागत नाही. १८१२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी मंजूर केलेल्या नकाशातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की वर्तमानपत्रानं त्याला सरड्यासारख्या प्राण्याची उपमा दिली होती. तिथे हद्दी बहुतेक राज्यांत सत्ताधारीच आखतात. आपल्याकडे हे काम स्वतंत्र आयोगाकडे आहे आणि हा फरक मोठा आहे, तो कमी लेखू नये. तरीही २०२३ मध्ये आसामच्या हद्दी बदलल्या तेव्हा मुस्लिमबहुल मतदारसंघ घटल्याची टीका झालीच. आणि २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानंही नोंदवलं होतं की उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगालमध्ये मुस्लिमांची मोठी वस्ती असलेले काही मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झालेले आहेत.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे, कारण हा मुद्दा आपल्यात चुकीच्या वळणावर जातो. पुणे कॅन्टोन्मेंट राखीव आहे म्हणून 'आपली जागा गेली' असं म्हणणारे लोक मला भेटतात. मला ते मान्य नाही. तिथे मोठी दलित वस्ती आहे आणि तिचा हक्क घटनेनं दिलेला आहे. त्या मतदारसंघातला दलित आमदार आपल्या मोहल्ल्याचाही आमदार असतो, त्याच्याकडे हक्कानं जायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. सच्चर समितीचा मुद्दा कुठली जागा राखीव व्हावी हे ठरवण्याच्या पद्धतीबद्दल होता. त्याचा वापर शेजाऱ्याच्या हक्काविरुद्ध करू नये.

मग आपण मागायचं काय?

'मुस्लिमबहुल मतदारसंघ हवा' ही मागणी सोपी वाटते. मी तिच्या विरोधात आहे. १९०९ च्या कायद्यानं आपल्या पणजोबांना वेगळा मतदारसंघ दिला होता. तेव्हा उमेदवारही मुसलमान, मतदारही मुसलमान. १९३७ आणि १९४६ च्या निवडणुका तशाच झाल्या. त्यातून काय निघालं, हे आपल्या घरांइतकं कुणाला माहीत आहे? हिंदू उमेदवाराला आपल्या गल्लीत यायची गरज नव्हती आणि आपल्या उमेदवाराला त्यांच्या. संविधान सभेनं ती पद्धत मोडली, ते बरं झालं. १९५२ पासून आपण पत्त्यावरून मतदार झालो, धर्मावरून नाही.

२०२३ चा कसबाच घ्या. १९९५ पासून इथे भाजपचा आमदार होता, पाच वेळा गिरीश बापट आणि २०१९ मध्ये मुक्ता टिळक. त्यांच्या निधनानंतरच्या या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर दहा हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, ती जागा भाजपच्या हेमंत रासने यांनी परत मिळवली. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत कसब्याचे हिशेब जातवार, धर्मवार छापून येत होते. पण एकट्या कुठल्याही समाजाच्या जोरावर इथे कुणी जिंकू शकत नाही, हे दोन्ही निकालांनी दाखवलं. मला हा मतदारसंघ याचसाठी आवडतो. इथे प्रत्येक उमेदवाराला तांबट आळीतही जावं लागतं, सदाशिव पेठेतही आणि मोमीनपुऱ्यातही. आणि हेही लक्षात ठेवा की २०२३ मध्ये जवळजवळ निम्म्या मतदारांनी मतच दिलं नव्हतं.

तेव्हा मागणी अशी असावी: आमची वस्ती फोडू नका. एका पेठेचे, एका मोहल्ल्याचे, दोन तुकडे करू नका. ज्यांचं पाणी, रस्ता, शाळा, दवाखाना एक, त्यांचा मतदारसंघ एक ठेवा. ही मागणी मुसलमान म्हणून करण्याची गरजच नाही. परिसीमन कायदाच सांगतो की मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या सलग आणि आटोपशीर असावेत, आखताना नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. त्याच शब्दांत बोललं तर आयोगाला ऐकावं लागतं. आणि त्या शब्दांत बोलताना तांबट आळीतला कारागीर, काशेवाडीतला दलित कामगार आणि मोमीनपुऱ्यातला शिंपी एकाच कागदावर सही करू शकतात.

पण वेळेवर बोललं तरच. आयोग आधी प्रस्ताव राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करतो, हरकती-सूचना मागवतो, जाहीर बैठका घेतो. त्यानंतर निघालेला आदेश अंतिम असतो. संसद आणि विधानसभेपुढे तो ठेवला जातो, पण त्यांनाही त्यात बदल करता येत नाही. न्यायालयाचा रस्ता घटनेच्या ३२९ व्या कलमानं जवळजवळ बंद केलेला आहे. म्हणजे हरकतीचे ते थोडे दिवस, तेवढीच आपली संधी. गेल्या वेळी ते दिवस आपण झोपेत घालवले. मीही.

या वेळची तयारी आतापासून करता येते. तीन कामं सांगतो.

पहिलं काम जनगणनेचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. हद्द आखताना मतदारयादी मोजत नाहीत, माणसं मोजतात. लहान मूल, भाडेकरू, घरात आलेली नवी सून, सगळी. सरकारनं पुढची जनगणना २०२७ मध्ये करण्याचं जाहीर केलं आहे. काही वर्षांपूर्वी नागरिकत्वाच्या वादात आपल्या मोहल्ल्यांत 'कुणालाही माहिती देऊ नका' असं वातावरण झालं होतं. ती भीती मी समजू शकतो, ती आमच्या घरातही होती. पण १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार ही वैयक्तिक माहिती गोपनीय असते. आणि जे घर मोजलं जात नाही, ते पुढच्या आखणीत हिशेबातच येत नाही. प्रगणक आला की दार उघडा, अम्मी-अब्बांना शेजारी बसवून प्रत्येक माणूस मोजून घ्या.

दुसरं काम यादीचं. आमचे निम्मे नातेवाईक कोंढव्याला राहायला गेले, नावं मात्र गंज पेठेच्या यादीत. निवडणुकीला इकडे येतात, मत देतात, बिर्याणी खाऊन परत जातात. कोंढव्याचं पाणी मात्र कोंढव्याचा आमदार बघणार, आणि त्याच्या यादीत हे लोक नाहीतच. जिथे राहता तिथे नाव न्या. त्याला फॉर्म ८ लागतो. नवं नाव असेल तर फॉर्म ६. आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. अठरा पूर्ण व्हायची वाट बघू नका, सतराव्या वर्षीही आगाऊ अर्ज करता येतो.

तिसरं काम पायांचं. आपल्या मतदारसंघाची हद्द एकदा चालून बघा. नकाशा निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. रेषा कुठल्या रस्त्यावरून जाते, कुठली गल्ली अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे पडते, हे वहीत लिहा. हरकतीचे दिवस येतील तेव्हा ही वही कुठल्याही भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

चिठ्ठी उलटसुलट करून बघणारा तो मुलगा आता लाकूडबाजारात एका दुकानात हिशेब बघतो. गेल्या महिन्यात भेटला तेव्हा मी त्याला सांगितलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहितोय. तो म्हणाला, "चाचा, लिहा, पण ती रेषा मला दाखवा पण." मोबाइलवर नकाशा उघडून आम्ही एका रविवारी सकाळी निघालो. दोन चौक गेल्यावर तो थांबला आणि हसायला लागला. खालाच्या घराचा कोपरा समोर दिसत होता.

तुमच्या मतदारसंघाचं नाव कुठून आलं आणि त्याची हद्द तुमच्या घरापासून किती पावलांवर आहे, ते आम्हाला लिहून पाठवा. दोन्ही भाषांत छापू.